गेंड्या भुंगा की सोंड्या भुंगा? माड नक्की कोण मारतंय?

आगरकन्या

नमस्कार मंडळी. गुहागरच्या बाजूला आमची नारळ-पोफळीची वाडी आहे, जुने बाणवली (उंच जातीचे) माड आहेत आणि मधल्या मोकळ्या जागेत सात-आठ वर्षांपूर्वी टी बाय डी (उंच आणि ठेंगू माडाचा संकर) लावलेत, ते आता कुठे धरायला लागलेत. यंदा पाऊस सुरू झाल्यापासून या छोट्या माडांची नवीन झावळी उमलली की कात्री मारल्यासारखी तिरकी कापलेली दिसते, दोन्ही बाजूंना सारखीच. तेवढंच असतं तर एक वेळ चाललं असतं, पण त्यातल्या दोन माडांच्या खोडाला साधारण कमरेच्या उंचीवर भोकं पडलीत आणि त्यातून तांबूस चिकट पाणी गळतंय, वाळून त्याचे काळपट ओघळ झालेत.

घरात दोन मतं आहेत. बाबा म्हणतात भुंगा एकच, तोच वर पानं खातो आणि तोच खाली भोकं पाडतो. शेजारचे काका म्हणतात गेंड्या वेगळा, सोंड्या वेगळा. त्यात परवा शेणखताचा खड्डा उपसला तर अंगठ्याएवढ्या जाड पांढऱ्या अळ्या निघाल्या ढीगभर, त्या बघून बाबांचं म्हणणं अजून पक्कं झालं की ह्याच अळ्या खोडात शिरतात, खड्ड्यात एकदा जालीम औषध ओतलं की विषय संपला. मला ते पटत नाहीये पण नीट सांगताही येत नाहीये. कोणाला दोन्ही भुंग्यांच्या सवयी माहीत असतील तर प्लीज सविस्तर लिहा, कारण ते माड गेले तर आठ वर्षं पाण्यात.

दापोलीकर_बागायत

ताई, काकांचं बरोबर आहे. दोन वेगळे भुंगे आहेत आणि दोघांच्या सवयी इतक्या उलट आहेत की एकावरचा उपाय दुसऱ्याला लागूच पडत नाही. सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो, बाकी सगळं विसरलात तरी चालेल: गेंड्याचा मोठा भुंगा माडाला खातो आणि अळी बाहेर शेणात, कुजक्या लाकडात राहते. सोंड्याचं बरोब्बर उलटं, त्याची अळी माडाच्या पोटात राहून खोड पोखरते आणि मोठा भुंगा त्या मानाने काहीच नुकसान करत नाही. म्हणजे खड्ड्यातल्या अळ्या खोडात शिरत नाहीत, त्या जन्मभर खड्ड्यातच राहतात, कोष पण तिथेच करतात आणि भुंगा होऊन उडाले की मग माडावर जातात.

आता गेंड्या. काळा कुळकुळीत, चार-पाच सेंटीमीटर लांब, डोक्यावर मागे वळलेलं शिंग. रात्रीचा फिरतो, पावसाळ्यात अंगणातल्या दिव्याला धडका मारतो तो हाच. हा माडाच्या शेंड्यात जातो आणि मधला जो न उमललेला कोंब असतो ना, त्याला आडवं भोक पाडून आत घुसतो. आतला कोवळा भाग चावून रस पितो आणि चोथा बाहेर ढकलतो, तो चोथा भोकाच्या तोंडाशी अडकलेला दिसतो. त्या वेळी पान सुरळीत गुंडाळलेलं असतं म्हणून एकाच भोकात सगळ्या पात्या कापल्या जातात आणि महिन्याभराने पान उमललं की दोन्ही बाजूंना सारखा काप दिसतो. म्हणजे तुम्हाला आज जो काप दिसतोय तो भुंगा कधीचाच येऊन गेलाय! पोय म्हणजे माडाचा फुलोरा, तो सुटायच्या आधी त्यालाही भोक पाडतो, मग तेवढा घड गेला. मोठा माड यातून सहसा मरत नाही, उत्पन्न घटतं. लहान रोपाच्या मात्र गाभ्यालाच भोक पडलं तर रोप जातं.

सोंड्या तांबूस तपकिरी, जरा लहान, साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास, पुढे लांब सोंड आणि पाठीच्या पुढच्या भागावर काळे ठिपके. हा दिवसासुद्धा उडतो. मादी जखम शोधते, कुठेही ताजी जखम दिसली की सोंडेने खळगा करते आणि अंडी घालते, एका मादीची दोनशे-तीनशे अंडी सहज. अळ्यांना पाय नसतात, त्या नुसत्या खात खात आत सरकतात. तुमचं ते तांबूस पाणी म्हणजे सोंड्याच, यात मला तरी शंका नाही. माड साधारण ५ ते २० वर्षांचा असताना याचा धोका सगळ्यात जास्त, तुमचे नेमके त्याच वयात आहेत.

आज संध्याकाळी वारा पडला की त्या दोन माडांच्या खोडाला कान लावा. अळ्या असतील तर करकर असा खाण्याचा आवाज येतो. आणि भोकाशी नाक नेऊन बघा, आंबलेला वास येतो का.

वेंगुर्ल्याचो_झिल

आगरकन्या, पयला एक सांगा, वाडीत खय मेलेलो माड उभो आसा काय? नायतर तोडलेल्या माडाचे ओंडके पडलेले आसत? आमच्याकडे गेंड्या गायरीपेक्षा (शेणाच्या खड्ड्यापेक्षा) त्या कुसलेल्या ओंडक्यातच जास्ती गावता. खोड फोडून बघा, आतमधी भुसो झालेलो आसतलो आणि त्यात हे पांढरे अळये. आणि पाडेल्याक (नारळ पाडणाऱ्याक) सांगा, वर चढलो की कोंबाकडे भोक आणि भायर चोथो दिसलो तर तारेचो आकडो आत घालून भुंगो ओढून काढूचो. आमचो पाडेली तसोच काढता, औषध लागणा नाय.

किडा_निरीक्षक

मी कीटकशास्त्राचा विद्यार्थी आहे, वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत, थोडी भर घालतो.

खड्ड्यातल्या सगळ्याच अळ्या गेंड्याच्या असतात असं नाही, हे बघून घ्या आणि मगच मारा. शेणखतात फुलभुंग्यांच्या अळ्या पण असतात, त्याही पांढऱ्या आणि गोल वळलेल्या. ओळखायची सोपी खूण म्हणजे अळी सपाट फरशीवर ठेवा. फुलभुंग्याची अळी उलटी होऊन पाठीवर सरपटत जाते, पाय वर करून, बघायला फार मजा येते. गेंड्याची अळी असं करत नाही, ती इंग्रजी सी अक्षरासारखी वळून कुशीवर पडून राहते आणि ती आकाराने बरीच मोठी होते. फुलभुंग्याच्या अळीने माडाचं काही बिघडत नाही, ती तुमचं खत बनवून देते, तिला सोडून द्या. सोंड्याची अळी तुम्हाला खड्ड्यात दिसणारच नाही. ती पिवळट, मधे फुगीर, डोकं कडक, तपकिरी आणि पाय अजिबात नाहीत.

दोघांचं वेळापत्रक पण वेगळं. गेंड्याची अंडी ८ ते १२ दिवसांत फुटतात, मग अळी तीन ते सहा महिने खतात, कोष तीन-चार आठवडे, आणि त्यानंतर भुंगा चार-सहा महिने जगतो, म्हणजे सगळा कारभार सावकाश. सोंड्या घाईतला. अंडी दोन ते पाच दिवसांत फुटतात, अळी एक ते तीन महिने, मग ती खोडातल्याच धाग्यांचा लांबट कोष विणते, त्यात दोन-तीन आठवडे राहते की भुंगा तयार. आणि तो बाहेर यायलाच पाहिजे असंही नाही, त्याच खोडात मीलन होऊन पुढची पिढी सुरू होते. म्हणून बाधित खोड फोडलं तर अंडी, छोट्या-मोठ्या अळ्या, कोष, भुंगे असं सगळं एकदम सापडतं.

नर-मादी ओळखायचे असतील तर गेंड्यात नराचं शिंग लांब, मादीचं आखूड, आणि मादीच्या पार्श्वभागावर तांबूस केसांचा दाट झुबका असतो. सोंड्यात केस नराला, ते पण सोंडेवर वरच्या बाजूने ब्रशसारखे उभे. भुंगे सापडले तर भिंगातून नक्की बघा.

एक गोष्ट मात्र मला मांडावीशी वाटते. गेंड्या 'फक्त पानं खातो' असं समजून त्याला हलकं घेऊ नका. १९०९ मध्ये तो सामोआ बेटांवर पोचला, रबराच्या रोपांबरोबर श्रीलंकेतून, आणि तिथून पॅसिफिकच्या बेटांमागून बेटं त्याने धरली, तिथे हजारो माड एकट्या गेंड्याने मारलेत. पुढे १९६३ मध्ये आलॉइस ह्यूगर या शास्त्रज्ञाला मलेशियात या भुंग्याचा एक विषाणू सापडला, तो १९६७ मध्ये सामोआत सोडला आणि भुंगे एकमेकांनाच लागण करत गेले, संख्या बरीच खाली आली. आपल्याकडे लक्षद्वीपमध्येही कासरगोडच्या केंद्रीय लागवडी पिके संशोधन संस्थेने तो वापरलाय. पण २००७ मध्ये ग्वाम बेटावर जे भुंगे आले त्यांच्यावर हा विषाणू चालतच नाही असं दिसलं. त्यामुळे खड्ड्याची स्वच्छता ही गोष्ट अजूनही पहिली.

आगरकन्या

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री कान लावला. एका माडात काहीच ऐकू आलं नाही, दुसऱ्यात स्पष्ट करकर येतेय, आणि वास पण आंबूस, ताडी आंबल्यासारखा. तिथेच पानाच्या देठामागे एक तांबडा भुंगा सापडला, सोंड चांगली लांब, वरून केस, म्हणजे नर. बाबांना बाटलीत भरून दाखवला, आता ते मानतात की दोन भुंगे आहेत.

आता प्रश्न असे की हे दोन्ही माड वाचतील का, औषध कसं द्यायचं, आणि खड्ड्याचं काय करू. अजून एक, वाडीत मेलेला माड नाही पण गेल्या वर्षी वाऱ्याने पडलेल्या एका माडाचे ओंडके कुंपणाला लावून ठेवलेत. आणि हो, या लहान माडांच्या खालच्या झावळ्या मे महिन्यात अगदी खोडालगत छाटल्या होत्या, वाडी स्वच्छ दिसावी म्हणून.

दापोलीकर_बागायत

सोंड्याला आत यायला दार मिळालं ते हेच असावं. हिरवी झावळी छाटायचीच असेल तर देठाचा निदान चार फूट भाग खोडाला ठेवायचा. मादीने देठाच्या टोकाशी अंडी घातली तरी अळी खोडापर्यंत पोचायच्या आत देठ वाळून जातो. खोडालगत छाटलं की ताज्या जखमेचा वास सुटतो आणि मादी त्या वासावरच येते. दुसरं दार म्हणजे गेंड्याने शेंड्यात पाडलेली भोकं. म्हणून तुमच्या वाडीत वर काप आणि खाली पाणी दोन्ही एकत्र दिसतंय यात आश्चर्य काही नाही. खोडाला चढण्यासाठी खाचा मारल्या असतील तर त्याही बंद करा.

माड वाचेल का ते शेंड्यावर अवलंबून आहे. मधली पानं हिरवी आणि ताठ असतील तर आशा आहे. मधलाच गाभा पिवळा पडून मलूल झाला असेल, हाताने ओढल्यावर हलत असेल, तर तो माड धरून ठेवू नका. औषध देताना खालची सगळी भोकं चिकणमातीने नाहीतर सिमेंटने बुजवायची, सगळ्यात वरच्या भोकात नरसाळं लावून द्रावण सोडायचं आणि मग तेही बुजवायचं. द्रावण कुठलं आणि किती ते कृषी सहाय्यकाला किंवा रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राला फोन करून विचारा, मी इथे डोस लिहीत नाही. जुन्या पुस्तिकांमध्ये कार्बारिल लिहिलेलं सापडेल, त्यावर २०१८ पासून बंदी आहे, दुकानदाराकडे जुना साठा असला तरी घेऊ नका. आणि औषध दिलेल्या माडाची शहाळी लगेच काढायची नाहीत, मध्ये किती दिवस थांबायचं तेही त्यांनाच विचारा, पोरं पाणी पितात म्हणून मुद्दाम सांगतोय.

खड्ड्यात जालीम औषध ओतू नका, गांडुळं मरतील आणि तेच खत तुम्ही माडाच्या आळ्यात घालणार. खड्डा उपसून खत पसरा, कोंबड्या सोडा, कावळे आणि साळुंक्या आपोआप येतात आणि अर्धं काम तिथेच होतं. उरलेल्या खतात मेटारायझियम मिसळा, ही बुरशी आहे, अळीच्या अंगावर आधी पांढरी येते मग हिरवी होते आणि अळी कडक होऊन मरते. तिला ओल लागते, त्यामुळे आत्ताचा पावसाळी काळ तिला चांगला. पाकिटावरची उत्पादन तारीख मात्र बघून घ्या, जुनं झालं की काम करत नाही.

नारळपाणी_फॅन

एवढं सगळं कशाला, कामगंध सापळे, म्हणजे भुंग्यांना गंधाने ओढणारे, मिळतात ना दोन्ही भुंग्यांचे. छोट्या माडांच्या बरोब्बर मधोमध दोन बादल्या टांगा, भुंगे आपोआप जातील त्यात. आमच्या ओळखीच्यांनी लावलेत, बादली भरते अक्षरशः.

किडा_निरीक्षक

सापळे उपयोगी आहेत, पण मधोमध टांगायला माझा ठाम विरोध आहे. सोंड्याच्या सापळ्यात नर सोडतो तो गंध असतो, त्या वासावर लांबून भुंगे येतात आणि सगळेच बादलीत पडत नाहीत, काही आजूबाजूला उतरतात. ती आजूबाजूची जागा म्हणजे तुमचे कोवळे, जखमा असलेले माड! सापळा वाडीच्या कडेला, लहान माडांपासून लांब, सावलीत लावायचा. बादलीला बाहेरून गोणपाट गुंडाळा, कारण सोंड्या बऱ्याचदा आधी भिंतीवर बसतो आणि चढून आत जातो, गुळगुळीत प्लास्टिकवर त्याला पकड मिळत नाही. आत नुसता गंध चालत नाही, खाणं पण लागतं, अननसाची सालं, केळी, उसाचे तुकडे, काहीही जे पाण्यात आंबेल ते. दर आठवड्याला पाणी आणि खाणं बदलायचं. सोंड्याच्या सापळ्यात माद्या जास्त येतात हा मोठा फायदा, एक मादी पडली म्हणजे तिची पुढची सगळी अंडी टळली.

गेंड्याचा गंध वेगळा, सोंड्याच्या गंधाच्या वडीला गेंड्या येत नाही आणि उलटही नाही. दुकानात वडी मागताना भुंग्याचं नाव सांगून घ्या.

अल_ऐनचा_कोकणी

मी इथे अमिरातीत बागकामाच्या क्षेत्रात आहे, सोंड्याचं नाव बघून थांबलो. हा मूळचा आपल्याच दक्षिण आणि आग्नेय आशियातला, आखातात १९८० च्या दशकाच्या मध्यावर आला आणि खजुराच्या बागांना त्याने जेरीस आणलंय. पुढे स्पेनमध्ये गेला, भूमध्य समुद्राच्या काठाने सगळीकडे पसरला. बाधित रोपांबरोबर त्याचा प्रवास होतो, आतल्या अळ्या बाहेरून दिसत नाहीत ना.

खजुरात तो बहुतेक करून बुंध्याजवळ शिरतो, जिथे पिल्लं (बाजूची नवीन रोपं) फुटतात तिथे. पिल्लं काढली की जखम होते, म्हणून ती जखम लगेच लिंपून टाकायची असा इथे नियमच केलेला असतो. हे सांगायचं कारण, सोंड्याला यायला गेंड्याची गरज लागतेच असं नाही, कुठलीही उघडी जखम पुरते. त्यामुळे ताई, ज्या माडातून आवाज येत नाहीये त्याच्याही जखमा लिंपून घ्या. आणि दुसऱ्या वाडीतून मोठी रोपं उचलून आणणार असाल तर खोड नीट तपासून घ्या.

श्रीवर्धनची_सून

त्या ओंडक्यांबद्दल कोणी पुढे लिहिलं नाही म्हणून लिहिते. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आमच्याकडे श्रीवर्धन, दिवेआगरच्या पट्ट्यात काय करून गेलं ते सगळ्यांना माहीतच आहे, माड आणि पोफळी आडव्या झाल्या. लोकांनी आधी घरावरची कौलं बघायची की आडवे माड उचलायचे, त्यामुळे कितीतरी वाड्यांत खोडं तशीच पडून कुजली. पडलेलं खोड कुजून मऊ झालं की गेंड्याची मादी त्यात अंडी घालते, आणि मग ते भुंगे शेजारच्या जिवंत माडांच्या शेंड्यावर जातात, त्यांनी केलेल्या भोकातून सोंड्या आत शिरतो, माड मारतो, तो मेलेला माड पुन्हा कुजतो आणि त्यात पुन्हा गेंड्या. हे चक्र एकदा वाडीत सुरू झालं की नुसतं औषध मारून थांबत नाही, मधली एक कडी तोडावीच लागते, आणि तोडायला सगळ्यात सोपी कडी म्हणजे मेलेलं लाकूड.

तुमचे कुंपणाचे ओंडके एक वर्षाचे आहेत म्हणजे आत नक्की काहीतरी असणार. उभे चिरा, अळ्या वेचून कोंबड्यांना टाका आणि लाकूड चुलीला लावा. आमच्या सासूबाई तर तोडलेल्या माडाचं खोडकं जमिनीत राहिलं तरी स्वस्थ बसत नाहीत, खणून काढायला लावतात, कारण मातीखालचा भाग पण कुजतोच.

छोट्या माडांसाठी आम्ही काय करतो ते पण सांगते. वरच्या तीन पानांच्या बेचक्यात निंबोळी पेंड आणि वाळू समप्रमाणात मिसळून भरतो, वर्षातून दोन-तीनदा. वाळू गेंड्याच्या सांध्यात जाते आणि पेंडीच्या वासाने तो टाळतो. शिवाय आमच्याकडे कोळीवाडा जवळ, तर फाटक्या नायलॉन जाळ्याचे तुकडे दुमडून बेचक्यात खोचतो. गेंड्या रात्री कोंबाकडे सरपटत जाताना त्याचे काटेरी पाय त्यात अडकतात आणि सकाळी तो तिथेच लटकलेला सापडतो. गुहागरला पण जाळी सहज मिळतील.

आगरकन्या

ओंडके आज फोडले. तुम्ही म्हणालात तसंच, आत ओला भुसा आणि अळ्याच अळ्या, फरशीवर ठेवून पाहिल्या तर एकही पाठीवर चालली नाही, सगळ्या वळून पडून राहिल्या. खड्ड्यातल्या मात्र थोड्या पाठीवर सरपटत गेल्या, त्या बाजूला काढून परत खतात सोडल्या, बाकीच्या कोंबड्यांनी संपवल्या.

ज्या माडातून आवाज येत होता त्याचा गाभा बाबांनी वर चढून ओढून पाहिला, हातात आला, आतून कुजका वास. कृषी सहाय्यक येऊन बघून गेले, तेही म्हणाले हा काढा. दुसऱ्याचा शेंडा ठणठणीत आहे, त्याला नरसाळ्याने औषध देऊन भोकं बुजवली. शेवटचं विचारते, काढलेल्या माडाचं खोड लगेच जाळायचं म्हटलं तर पावसात पेटणार नाही, मग तोपर्यंत काय करू?

दापोलीकर_बागायत

अख्खं ठेवू नका, काढल्या दिवशीच फूट-दीड फुटाचे तुकडे करून उभे चिरा. सोंड्याची अळी उघड्यावर पडली की पक्षी सोडत नाहीत आणि मऊ गाभा वाळला की तिला खायला उरत नाही. कोष मात्र एकेक वेचून ठेचा, ते धाग्यांत गुंडाळलेले असतात आणि चिरलेल्या लाकडात पटकन दिसत नाहीत, त्यातून भुंगे निघून उडतील. शेंड्याकडचा मऊ भाग आणि पानांचे बुडखे यांतच जास्त असतात, तो भाग आधी फोडा. हे सगळं ताडपत्रीवर करा म्हणजे काही निसटणार नाही. मग चिरलेलं लाकूड पडवीत वाळवा आणि पाऊस उघडला की जाळा. त्या जागी लगेच नवीन रोप लावू नका, आधी बुंधा खणून काढा आणि आजूबाजूच्या माडांना पुढचे दोन-तीन महिने अधूनमधून कान लावत राहा, कारण त्या माडातून काही भुंगे आधीच उडालेले असू शकतात.